मूत्राशयाच्या ऑपरेशननंतरच्या पिशव्या, गोळे कॉलनी: सिस्टरांना पाच तारे, काउंटरला अडीच

कॅन्सरमुळे मूत्राशय काढायचं ऑपरेशन ज्यांच्या घरात ठरलंय किंवा होऊन गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी खुशाल मिसळीचे रिव्ह्यू वाचावेत, नाशकात त्यांना तोटा नाही.

मी पंचवटीतला टेलर. जेन्ट्स शिवतो, त्यातही पँटच जास्त. दुकानाचं नाव देत नाही, कारण काउंटरबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मालक चिडतील, आणि मला पिशव्या तर तिथूनच घ्यायच्यात. गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेल दुकानांची जी गर्दी आहे, त्यातलंच हे एक सर्जिकलचं दुकान. मागच्या बाजूला एक छोटी खोली काढलीय. तिथे आठवड्यातून दोन दिवस एक सिस्टर बसतात. त्यांनी स्टोमाचं, म्हणजे लघवी किंवा शौचासाठी पोटावर काढलेल्या तोंडाचं, वेगळं ट्रेनिंग घेतलंय. सल्ल्याचे पैसे माझ्याकडून कधी घेतले नाहीत. पिशवी घ्यायचीच असा आग्रहही नाही.

आजाराचं थोडक्यात सांगतो. लघवी लाल झाली, दुखलं मात्र काहीच नाही, त्यामुळे उन्हाळी लागली म्हणून सब्जा पीत बसलो. दुर्बिणीतून गाठ खरवडून तपासायला पाठवली, तेव्हा कळलं की ती मूत्राशयाच्या स्नायूत शिरलीय. मग केमो, आणि त्यानंतर मूत्राशय आणि प्रोस्टेट दोन्ही काढायचं ठरलं. मी बिडी ओढायचो. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे, हे मला आजार झाल्यावर कळलं. फुप्फुसाचं माहीत होतं, मूत्राशयाचं कोणी बोललं नव्हतं.

मूत्राशय काढल्यावर लघवी जाणार कुठून? दोन वाटा सांगितल्या. एकीत आतड्याचंच नवीन मूत्राशय शिवून आत बसवतात, लघवी नेहमीच्या जागेवरून होते, पण ते भरायला आणि रिकामं करायला शिकावं लागतं, रात्री अंथरूण भिजू शकतं, काहींना स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. दुसरीत लहान आतड्याचा १५-२० सेंटीमीटरचा तुकडा घेतात, दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचं एक तोंड पोटावर बाहेर काढतात. ते तोंड म्हणजे स्टोमा. त्यावर कायमची पिशवी. माझ्या किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दुसरीच वाट धरली. सिस्टर नंतर म्हणाल्या की ही पद्धत ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जननी १९५० साली मांडली आणि आजही तीच चालते. मला ते ऐकून बरं वाटलं. पॅटर्न इतकी वर्षं टिकला म्हणजे कापणाऱ्याला अक्कल होती.

सर्जनबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण पिशवीबद्दल त्यांचं बोलणं एका वाक्यात संपलं: "बाहेर पिशवी राहील, होते सवय." ते ऐकलं त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावताना त्याच्या पोटाकडे बघायला लागलो. याला असेल का? त्याला असेल का? रात्री झोप नाही. कॅन्सरने मरायची भीती एका बाजूला आणि चारचौघांत पँट ओली होण्याची भीती एका बाजूला, आणि खरं सांगायचं तर दुसरीच मोठी होती. बायकोला हे सांगायची लाज वाटत होती. माणसाने मरणाला भ्यावं, ओल्या पँटला काय भ्यायचं!

स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा त्याची खूण करायला सर्जननी चिठ्ठी देऊन सिस्टरांकडे पाठवलं, ते ऑपरेशनच्या आधी. ही पायरी कोणीही गाळू देऊ नका. मला वाटलं होतं स्केचपेनने एक फुली मारतील आणि सोडतील. सिस्टरांचा पहिला प्रश्न, "काका, रोज घालता ती पँट घालून आलात ना?" मी म्हटलं, हो. मग म्हणाल्या, "आता उभे राहा. बसा. मांडी घाला. पुढे वाका, खाली पडलेली सुई उचलायचीय असं समजा." मी टेलर आहे हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. नंतर स्टुलावर बसवून म्हणाल्या, "मशीन चालवताना पाय जसे हलवता तसे हलवून दाखवा." मी त्या खोलीत हवेतच पायटा मारला. प्रत्येक वेळी त्या पोटावर घडी कुठे पडते ते बघत होत्या. बेल्ट कुठे येतो, जुनी अपेंडिक्सची खूण कुठे आहे, सगळं. शेवटी बेंबीच्या उजवीकडे, थोडी खाली खूण केली. तिथे बसतानाही घडी पडत नव्हती, आणि पोट आडवं न येता मला स्वतःला ती दिसत होती. "तुम्हाला दिसली नाही तर पिशवी तुम्ही लावणार कशी? जन्मभर दुसऱ्यावर अवलंबून राहाल," असं म्हणाल्या.

लोकांची मापं घेण्यात माझी हयात गेली. माझं माप इतक्या निगुतीने कोणी घेतलं नव्हतं.

मग त्यांनी एक रिकामी पिशवी त्या खुणेवर चिकटवली, त्यात थोडं पाणी भरलं आणि सांगितलं, "ही लावून घरी जा. दुकानात बसा, जेवा, झोपा. उद्या काढून टाका." मी रिक्षाने पंचवटीत आलो, दुकान उघडलं. एक जण लग्नाच्या सफारीची ट्रायल घ्यायला आला. मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून मोहरीला टाचण्या लावत होतो आणि माझ्या पोटावर पाण्याची पिशवी डुचमळत होती. त्याला पत्ता नाही. त्याचं सगळं लक्ष आरशात. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं की नेमकी कशाची भीती वाटते. मी म्हटलं, वासाची. त्यांनी समजावलं की पिशवीचं प्लास्टिक वास बाहेर सोडत नाही. वास येतो तो रिकामी करताना किंवा गळती असली तर. पाणी कमी प्यायलात तर लघवी घट्ट होऊन वास वाढतो. लसूण, मासळी, काही गोळ्या यांनीही फरक पडतो. एवढी साधी माहिती, पण ती मिळेपर्यंत मी मनात अख्खं रामकुंड नासवून ठेवलं होतं.

ऑपरेशनचं लिहीत नाही. लांबलचक असतं, आयसीयू असतं, पोट फुगतं, हळूहळू उतरतं. ज्याचं त्याला.

खरी परीक्षा पट्टी उघडल्यावर. मी तिकडे बघतच नव्हतो. नर्स पिशवी बदलायला आली की मी पंख्याकडे बघायचो. सौ. शिकून घेत होती, वहीत लिहून घेत होती. घरी आल्यावर तीच करायची सगळं, आणि मी तिच्यावर चिडचिड करायचो. हळू कर, लवकर कर, नीट दाब, नको दाबू. आधी ती माझी बायको होती, आता वॉर्डातली नर्स झाली आणि मी तिचा सगळ्यात त्रासदायक पेशंट. ती काही बोलायची नाही, पण स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवायची.

सिस्टरांकडे पहिल्या तपासणीला गेलो तर सौ. सवयीने पुढे झाली. सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही इथे खुर्चीवर बसा. आज काका करतील." माझ्या हातात आरसा दिला. मी म्हटलं, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "जमू नका देऊ, नुसतं बोट लावा. दुखणार नाही, त्याला दुखायच्या नसाच नसतात." लावलं. ओलं, लाल, गालाच्या आतल्या बाजूसारखं मऊ. खरंच दुखलं नाही. लघवीत पांढरे धागे दिसले तेव्हा मी घाबरलो, इन्फेक्शन झालं म्हणालो. तर ते आतड्याचे चिकट धागे, आतडं आपला स्वभाव सोडत नाही, मूत्राशयाच्या कामाला लावलं तरी चिकटा सोडतच राहतं. ते नॉर्मल. ताप, कंबरेत दुखणं, लघवी फार गढूळ किंवा कमी होणं, यावर मात्र डॉक्टरांकडे पळायचं.

त्या दिवसापासून पिशवी माझी मी बदलतो. सौ.चं काम एकच उरलं, सकाळी चहा. तोही पिशवी बदलून झाल्यावर, कारण उठल्या उठल्या, काही प्यायच्या आधी लघवी कमी येते आणि जागा कोरडी राहते. आमच्यातला ताण निम्मा यानेच गेला. बाकीचा निम्मा लग्नापासूनचा आहे, त्याला सिस्टर काय करणार.

आता गळती. हा विषय कोणी मोकळेपणी लिहीत नाही. घरी आल्यावर काही आठवडे बरे गेले आणि मग पिशवी सुटायला लागली. रात्री गादी, एकदा दुकानात, एकदा भाचीच्या साखरपुड्यात. मी बाहेर जाणं बंद केलं. पाणी पिणं कमी केलं. सकाळी गोदापार्कला फिरायला जायचो ते बंद. दुकानाचं शटर अर्धं खाली. संध्याकाळी दिवेलागणीला उगाच रडू यायचं, कारण नाही, काही नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा, कॅन्सर गेला ना, मग आता काय?" त्याचं चुकत नव्हतं, रिपोर्ट चांगले होते. पण घरचे सगळे पेढे वाटायच्या मूडमध्ये आणि आपण खुर्चीवर बसताना खाली प्लास्टिक टाकतोय, हे कोणाला सांगणार?

सिस्टरांनी प्लेट काढून मागून बघितली. प्लेट म्हणजे पोटाला चिकटणारी चकती. तिच्यावर लघवी कुठून शिरलीय त्याचा माग दिसतो. मग टेपने, म्हणजे त्यांच्या भोकांच्या कार्डाने, स्टोमा मोजला. ऑपरेशननंतर सूज असते, ती सहा-आठ आठवड्यांत उतरते आणि स्टोमा लहान होतो. मी अजून हॉस्पिटलने दिलेल्या मापाने भोक कापत होतो. कडेची कातडी उघडी पडत होती, लघवी तिथे साचून प्लेट सोडवत होती. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. शिवाय खालच्या बाजूला पोटात जरा खोलगट जागा होती, म्हणून सपाट प्लेटऐवजी मध्ये फुगीर असलेली प्लेट दिली आणि कडेला चिकट रिंग. झालं. कात्री काय मला नवीन नाही. आता भोक मी असं कापतो की सिस्टर दुसऱ्या पेशंटला दाखवायला माझी प्लेट मागतात.

गळती थांबली तरी संध्याकाळचं रडू लगेच थांबलं नाही. हेही सिस्टरांनीच ओळखलं. प्लेट मापात बसलीय का हे विचारतात, त्याच सुरात त्या झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला वेळ लावला. त्यांनी चिठ्ठी लिहून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "हे माझ्या पिशवीने बरं होणारं नाही," असं स्पष्ट म्हणाल्या. मी आधी भडकलो, मला काय वेड लागलंय का म्हणून. पण गेलो. गोळी सुरू झाली, बोलायला एक माणूस मिळाला. ज्यांना कोणाकडे जायची लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हा नंबर सिस्टरांच्या खोलीत भिंतीवर लावलाय, पिशव्यांच्या पोस्टरपेक्षा मोठ्या अक्षरात.

अजून एक गोष्ट त्या करतात. पेशंटची पेशंटशी गाठ घालून देतात, दोघांनाही विचारून. मला निफाडकडचे एक द्राक्षवाले बागायतदार भेटवले. बुलेटवर आले होते, पिशवी लावून. आम्ही खाली चहाच्या टपरीवर बसलो. पहिली दहा मिनिटं पावसावर आणि द्राक्षाच्या भावावर गेली. मग तेच म्हणाले, "रात्रीचं विचारायचंय ना? सगळे तेच विचारतात, शेवटी विचारतात." प्रोस्टेट काढल्यावर वीर्य येत नाही, ताठरता बऱ्याच जणांची जाते किंवा कमी होते, यावर औषधं आणि इतर उपाय आहेत, ते युरोलॉजिस्टला थेट विचारायचे असतात, लाजत बसलं तर डॉक्टर आपणहून काढत नाहीत विषय. हे सगळं त्यांनी ऊसतोडीचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. आणि म्हणाले की पहिलं वर्ष बायकोशेजारी नुसतं झोपायलाही संकोच वाटायचा, पिशवी दोघांच्या मध्ये येते म्हणून. आता कूस बदलून घेतात. मी घरी येऊन सौ.ला यातलं काहीच सांगितलं नाही, फक्त माझी गादी परत तिच्या गादीला लावली.

वेटिंगमध्ये सिन्नरच्या एक काकू भेटल्या होत्या. बायकांत या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा गर्भाशयही काढतात, त्यांचंही काढलं होतं. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. सासूबाईंनी देवघरात यायला बंदी केली, लघवी सारखी अंगावर असते म्हणून. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "काकू, लघवी तर सगळ्यांच्याच अंगात असते, तुमची मोजून दिसते एवढंच." काकू हसल्या, मग डोळे पुसले. सासूबाईंना पुढच्या वेळी घेऊन या, मी बोलते, असंही सिस्टर म्हणाल्या. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी स्वतः पूजा करतो, सोवळं नेसून, पिशवी आत. रामाला चालतंय असं दिसतंय.

आता मालाबद्दल. कोलोप्लास्ट, होलिस्टर, कॉन्व्हाटेक, तिन्हींचा माल ठेवतात. कोणती चांगली हे विचारू नका, ज्याचं पोट त्याचं माप. मी दोन तुकड्यांची वापरतो: प्लेट वेगळी, पिशवी वेगळी, कडी बसल्यासारखा टक आवाज येतो. आवाज आला नाही तर बसली नाही. घ्यायची ती लघवीचीच पिशवी, खाली नळ असलेली आणि आत झडप असलेली, म्हणजे लघवी उलटी स्टोमाकडे जात नाही. शौचाच्या स्टोमाची पिशवी वेगळी असते, काउंटरवर घाईत चुकीची दिली जाऊ शकते, पाकिटावर बघा. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, जड झाली की प्लेट ओढते. रात्री नळाला दोन लिटरची मोठी पिशवी जोडायची, ती पलंगाच्या कडेला अडकवायची आणि निवांत झोपायचं. भाव अंगावर येतात. माझा महिन्याचा खर्च दुकानाच्या भाड्याच्या बरोबरीला येतो, आणि हा खर्च जन्माचा आहे, तेव्हा ऑपरेशनचा हिशोब करताना हाही धरा. परवडत नसेल तर मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे विचारावं. परळच्या टाटा हॉस्पिटलातही स्टोमा क्लिनिक आहे. सिस्टर दोन्हीकडे पाठवतात, आपलं गिऱ्हाईक जाईल याची फिकीर न करता.

काउंटरचे अडीच तारे का, ते सांगतो. समोरचा पोरगा दुकानभर ओरडतो, "लघवीची पिशवी कोणाची?" तिथे होलसेलचे दहा लोक उभे असतात. हात वर करायला लावतात. हे मी मालकांना दोनदा सांगितलं, ते हसले. दुसरं, सिस्टरांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि तो मापात छोटा आहे. दोन्ही बाजूंनी वीत-वीतभर फट राहते. आत माणूस पोट उघडं करून बसलेला आणि बाहेर इन्सुलिनचे खोके मोजणं चाललेलं. शेवटी मीच माप घेऊन गडद निळ्या कापडाचा पडदा शिवून दिला, खाली वजनाला पट्टी घालून, म्हणजे पंख्याने उडत नाही. शिलाई घेतली नाही, पण कापडाचं बिल मालकांना लावलं आणि त्यांनी ते दिलं, म्हणून दोनचे अडीच केले. तिसरं, रात्रीच्या पिशव्या अधूनमधून संपलेल्या असतात. सणाच्या आधी दोन जास्तीच्या घेऊन ठेवा.

पँटबद्दल विचारणारे बरेच जण सिस्टर माझ्याकडे पाठवतात, म्हणून इथेच लिहितो. कंबर एक इंच ढिली करा. उजव्या बाजूला पुढे एक चूण जास्त सोडा, सपाट फ्रंट नको. आसन अर्धा इंच खोल घ्या. पट्टा स्टोमावर येत असेल तर पट्टा सोडून गॅलिस लावा. गडद रंगच हवा असं नाही, पिशवी नीट बसली असली की पांढऱ्या लेंग्यातही कळत नाही. तयार पँट आणलीत तर आल्टर करून देतो.

सिस्टर सोमवारी आणि गुरुवारी, अकरानंतर. फोन करून जा, कधी हॉस्पिटलात खूण करायला गेलेल्या असतात. ऑपरेशन व्हायचं असेल तर रोजची पँट किंवा साडी नेसूनच जा, नवे कपडे नकोत. गोळे कॉलनीत गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने गेलेलं बरं. आणि काउंटरवर काही मागू नका, सरळ मागे जाऊन निळ्या पडद्याबाहेर बसा.